दुसऱ्या लेकराची वाट पाहणारा कायदा

सोलापूरहून वाडीकडे निघालेली रेल्वे दुधनी सोडते आणि कर्नाटकात शिरते. अक्कलकोट तालुक्यातलं हे नगरपरिषदेचं गाव म्हणजे आपल्या राज्याचं एक टोक. बाजार समितीत तूर घेऊन येणाऱ्यांत पलीकडच्या आळंद-अफजलपूरचे शेतकरी असतात, सोयरिकी दोन्ही बाजूंना झालेल्या असतात. घरात कन्नड, बाजारात कन्नड-मराठी, कचेरीत मराठी असा इथला रोजचा व्यवहार. माणूस हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सहज जातो-येतो. त्याच्या नावावरचा पोलिसांचा कागद मात्र त्याच्यामागे येत नाही. मुलांवर पुन्हा पुन्हा अत्याचार करणाऱ्याला नेमकं हेच सोयीचं पडतं.

बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. २०१९ मध्ये त्यातल्या शिक्षा वाढवल्या. सोळा वर्षांखालच्या मुलावर शरीरप्रवेशाचं लैंगिक आक्रमण केल्यास किमान २० वर्षं, त्याच्या गंभीर प्रकारात किमान २० वर्षांपासून जन्मभर कैद किंवा फाशीपर्यंत. एवढ्या शिक्षा कागदावर असताना तोच माणूस एका मुलाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे कसा पोचतो? कायदा मजबूत करायचा तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल. शिक्षेच्या वर्षांत आणखी भर घालून त्याचं उत्तर मिळणार नाही. पुढचे मुद्दे त्यासाठी आहेत.

१. पहिली वेळ कागदावर येतच नाही

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. दर तिघांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती. आणि बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कोणाजवळ उघड केली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की पोक्सोच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. ओळखीचा म्हणजे उद्या पुन्हा दारात येणारा.

अशा वेळी घरात काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. भावकीतले चार शहाणे बसतात. पोरीच्या जातीचं आहे, उद्या लग्न व्हायचंय, बोभाटा कशाला, असं ठरतं. त्या माणसाला दोन थोबाडीत बसतात, घराची पायरी चढायची नाही असं बजावलं जातं. त्या एका घरातलं मूल कदाचित वाचतं. गल्लीतल्या पुढच्या घराला काहीच कळत नाही, आणि तिथे त्या माणसाचं येणं-जाणं चालूच राहतं. मिटवणाऱ्या एकाही माणसाच्या मनात पुढच्या लेकराचा विचार आलेला नसतो.

कायद्याच्या लेखी हे मिटवणं गुन्हा आहे. कलम १९ प्रमाणे अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या सतरा अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा उभा केला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा त्यातून गुन्हेगारालाच आडोसा मिळतो, असं न्यायालयाने बजावलं.

सतरा मुली. वेळीच एकीचं जरी कोणी ऐकलं असतं, तरी हा आकडा इथवर गेला नसता.

म्हणून पहिली दुरुस्ती कलम २१ मध्ये हवी. संस्थेने, शाळेने किंवा पंचमंडळींनी पहिली तक्रार दाबली आणि त्यानंतर त्याच माणसाने दुसऱ्या मुलाला हात लावला, तर दाबणाऱ्याची शिक्षा सहा महिन्यांवर किंवा वर्षावर थांबता कामा नये. दुसऱ्या मुलाच्या वाट्याला जे आलं त्यात त्याचाही वाटा आहे. अशा प्रकरणी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद व्हावी. आईबापांना मात्र यात ओढू नये. ती बहुतेकदा भीतीपोटी गप्प बसतात, आणि तुरुंगाची भीती वाढवली तर आणखी गप्प बसतील. रोख पगारी, जबाबदार आणि सत्तेच्या जागी बसलेल्या माणसांवर हवा.

२. कायदा ‘वारंवार’ कशाला म्हणतो

पोक्सोमध्ये पुनरावृत्तीचे दोन प्रकार धरले आहेत. एक, त्याच बालकावर एकाहून अधिक वेळा किंवा वारंवार केलेला अत्याचार. दोन, आधी अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने केलेला नवा अत्याचार. दोन्हींना कायदा गंभीर प्रकार मानतो आणि शिक्षा चढवतो. या दोहोंच्या मध्ये एक मोठी फट राहिली आहे.

समजा एक किराणा दुकानदार आहे. सामानाला आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या तीन मुलींशी त्याने वेगवेगळ्या दिवशी अंगलट केली. प्रत्येकीशी एकेकदा. मुली बाराच्या वरच्या आहेत, दुकानदार त्यांचा नातेवाईक नाही, शिक्षक नाही, पोलीस नाही. म्हणजे वय, नातं किंवा हुद्दा पाहून गंभीर प्रकार ठरवणाऱ्या कलमांत तो बसत नाही. ‘त्या बालकावर एकाहून अधिक वेळा’ हे शब्दशः लागू होत नाही, कारण मुलं वेगळी आहेत. आधी शिक्षा झालेली नाही, म्हणून दुसरं कलमही लागत नाही. उरतं साधं लैंगिक आक्रमण, तीन ते पाच वर्षं. तिन्ही गुन्ह्यांचा खटला एकत्र चालू शकतो, पण शिक्षा एकत्र भोगायची की एकीमागून एक, हे न्यायालय ठरवतं. एकत्र भोगायच्या ठरल्या, तर तीन मुलींमागे मिळून एकाच मुलीएवढी शिक्षा. त्याच दुकानदाराने एकाच मुलीला दोनदा त्रास दिला असता तर गंभीर प्रकार होऊन पाच ते सात वर्षं झाली असती.

हा हिशेब उलटा आहे. सावज बदलत राहणारा माणूस तर अधिक धोकादायक. त्याच्या डोक्यात एक मूल नसतं, हाती लागेल ते मूल असतं. तेव्हा कलम ५ आणि ९ मध्ये एक नवं पोटकलम घालावं: दोन किंवा अधिक बालकांवर केलेला अत्याचार, मग आधी शिक्षा झालेली असो वा नसो, गंभीर समजला जाईल, आणि प्रत्येक बालकामागची शिक्षा एकीमागून एक भोगावी लागेल, न्यायालयाने लेखी कारण दिलं तरच अपवाद. एवढ्या दोन ओळींनी तिसऱ्या मुलीची साक्ष निरर्थक ठरणार नाही. आज एखादी आई विचारते, आधीच दोघींची केस आहे, माझ्या पोरीला त्यात कशाला घालू? तिला द्यायला कायद्याकडे उत्तर नाही.

आधीच्या शिक्षेची अट का पुरत नाही, हेही पाहायला हवं. पोक्सोच्या कलम ३५ प्रमाणे न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. प्रत्यक्षात खटले वर्षानुवर्षं चालतात. तेवढ्या काळात आरोपी जामिनावर बाहेर असतो आणि कायद्याच्या लेखी ‘पहिल्यांदाच सापडलेला’ असतो. आरोपपत्र दाखल असताना जामिनावर बाहेर आलेल्याने दुसरा गुन्हा केला, तर त्याला तरी शिक्षेत वाढीव जागा हवी. निर्दोष सुटण्याचा त्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही. दोन्ही गुन्हे सिद्ध झाले तरच वाढ लागू व्हावी.

३. मुलगा असला तर?

भारतीय न्याय संहितेचं कलम ७१ बलात्काराची शिक्षा आधी झालेल्याने तोच गुन्हा पुन्हा केल्यास उरलेलं आयुष्य कैद किंवा फाशी सांगतं. पण संहितेतली बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरती आहे, आणि जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ नव्या संहितेत घेतलेलं नाही. मुलग्यांना संरक्षण आहे ते पोक्सोचं. म्हणजे दुसऱ्यांदा सापडलेल्या माणसाची किमान शिक्षा बळी मुलगी होती की मुलगा, यावर ठरते. २००७ च्या त्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. कलम ७१ च्या यादीत पोक्सोची कलमं ४ आणि ६ जोडावीत. यावर फार वाद व्हायचं कारण दिसत नाही.

४. मारहाणीची गोष्ट

लैंगिक अत्याचारावर निदान बोललं जातं. सावत्र आईने चटके दिले, मामाने उपाशी कोंडलं, वसतिगृहाच्या अधीक्षकाने पट्ट्याने सोलून काढलं, ही रोजची हिंसा बातमीत येते आणि विरून जाते. तिचं कलम बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये आहे. कलम ७५: ताब्यातल्या मुलाशी क्रौर्य केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या कर्मचाऱ्याने केल्यास पाच वर्षांपर्यंत, मूल त्यामुळे जायबंदी किंवा मनाने खचून निकामी झालं तर तीन ते दहा वर्षं. या कलमात पुनरावृत्तीचा उल्लेखच नाही. एकदा मारलं आणि तीन वर्षं रोज मारलं, दोन्ही एकाच मापाने मोजायचं.

बालगृहातल्या शारीरिक शिक्षेसाठी कलम ८२ आहे. पहिल्यांदा सिद्ध झाल्यास दहा हजार रुपये दंड, त्यानंतर प्रत्येक वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ज्या मुलांना आईबाप नाहीत, ज्यांना राज्याने आपल्या ताब्यात घेतलं, त्यांना शिस्तीच्या नावाखाली पुन्हा पुन्हा मारण्याची या कलमातली शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने.

त्यात २०२१ च्या दुरुस्तीने आणखी बिघडलं. तीन ते सात वर्षं शिक्षेचे या अधिनियमातले गुन्हे अदखलपात्र झाले. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मुलाला भीक मागायला लावणं, नशेचे पदार्थ देणं, मुलाची विक्री, संस्थेतल्या कर्मचाऱ्याचं क्रौर्य, सगळं या यादीत आलं. या दुरुस्तीविरुद्ध दिल्लीचा बाल हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, यावरून ती किती खुपली ते कळावं. दुधनीतल्या एखाद्या शेजारणीने धीर करून पोलिसांना सांगितलं, आणि ‘हे अदखलपात्र आहे, कोर्टातून आदेश आणा’ असं ऐकावं लागलं, तर ती पुन्हा त्या पायरीवर येणार नाही. ही दुरुस्ती मागे घ्यावी. निदान त्याच मुलाबाबत किंवा त्याच माणसाविरुद्ध दुसरी तक्रार आली की गुन्हा दखलपात्र व्हावा, आणि कलम ७५ मध्ये वारंवारच्या क्रौर्याला वेगळी किमान शिक्षा असावी.

५. चॅप्टर केस आणि तडीपारी

सराईत गुन्हेगाराला गुन्हा करण्याआधी आवरायचं कलम आपल्याकडे फार जुनं आहे. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२९. बोलीत चॅप्टर केस. सराईत चोर, घरफोड्या, बनावट कागद करणारा, अपहरण, खंडणी, फसवणूक सवयीने करणारा, एवढंच काय अन्नात सवयीने भेसळ करणारा, यांच्याकडून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो. मुलांवर सवयीने लैंगिक अत्याचार करणाऱ्याचं नाव या यादीत नाही. ‘बेदरकार आणि धोकादायक’ माणसासाठी एक मोघम पोटकलम आहे, त्यात ओढूनताणून बसवता येतं. ओढाताण कशाला? पोक्सोचं नाव यादीत स्पष्ट यावं. बाँडच्या अटी लेखी असाव्यात: मुलांशी संबंध येईल असं काम नाही, शाळेच्या आवारात जाणं नाही, पत्ता बदलल्यास ठाण्यात कळवणं, तक्रारदार मुलाच्या घराकडे न फिरकणं.

तडीपारीचा उपाय मात्र इथे चालणार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. पुण्या-मुंबईत त्याचा काय उपयोग होतो तो होवो, दुधनीतून हद्दपार केलेला माणूस तासाभरात कलबुर्गी जिल्ह्यात असतो. आळंदच्या गल्लीतही लेकरं खेळतात. तिथल्या पोलिसांना तो कोण हे ठाऊक नसतं. दोन राज्यांच्या सीमेवर तडीपारी म्हणजे आपला धोका शेजाऱ्याच्या अंगणात टाकणं. या गुन्ह्यांत हद्दपारी वापरायचीच असेल, तर ज्या ठाण्याच्या हद्दीत तो जाणार तिथे आदेशाची प्रत पोचल्याशिवाय आदेश लागू होऊ नये.

६. नोंद कुणाची, कुणासाठी

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही केंद्राने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती फक्त पोलिसांना व तपास यंत्रणांना पाहता येते, आणि तिच्यात शिक्षा झालेलेच असतात. दुसरीकडे पोक्सोच्या २०२० च्या नियमांत नियम ३ आहे: मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी. न केल्यास काय, हे नियमात नाही. शिक्षेची धार नसलेला नियम उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कामाच्या यादीत जाऊन पडतो.

बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये जे घडलं ते नव्याने नेमलेल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या हातून, शाळेच्या आत, अगदी लहान मुलींबाबत. आईबापांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा राज्य जागं झालं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीने शाळांसाठी शिफारशी केल्या. त्या चांगल्या आहेत. पण शाळेचं फाटक ओलांडलं की शिकवणी आहे, रिक्षा आहे, मैदान आहे, धार्मिक वर्ग आहे. त्यांना हे काही लागू होत असल्याचं दिसत नाही.

इथे दोन गोष्टी कायद्यात हव्यात. नियम ३ मोडणाऱ्या संस्थेला दंड, आणि दुसऱ्यांदा मोडल्यास मान्यता जाण्याची तरतूद. दुसरं, पडताळणी राज्याबाहेरच्या नोंदींसह. दुधनीतल्या शाळेच्या शिपायाची चौकशी फक्त सोलापूर ग्रामीणच्या दप्तरात झाली आणि त्याचं आधीचं आयुष्य अफजलपूरला गेलेलं असलं, तर त्या दाखल्याला काही अर्थ उरत नाही.

ही नावं चौकात लावावीत, संकेतस्थळावर सर्वांना दाखवावीत, अशी मागणी होते. तिला माझा विरोध आहे. बहुतेक गुन्हेगार घरचे किंवा शेजारचे. बापाचं, काकाचं नाव फलकावर लागलं की मुलाचं नाव लावायची गरज उरत नाही. मुलाची ओळख उघड करायला पोक्सोचं कलम २३ मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात ते पुन्हा सांगितलं आहे.

७. साक्ष कोणत्या भाषेत

गावातल्या एखाद्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे असं धरू. घरात कन्नड, शाळाही कन्नड माध्यमाची. तिने आज्जीला जे सांगितलं ते कन्नडमध्ये सांगितलं, ते सुद्धा लहान मुलाच्या शब्दांत, अवयवांची घरगुती नावं घेऊन. आता ते मराठी फिर्यादीत उतरतं. लिहिणारा आपल्या कल्पनेने शब्द ठेवतो. ‘हात लावला’चं ‘चाळे केले’ होतं, कुठे लावला ते गळून जातं. वर्ष-दीड वर्षाने सोलापूरच्या न्यायालयात बचावाचे वकील तीच फिर्याद पुढे ठेवून विचारतात, तू आधी असं म्हणाली नव्हतीस ना? मुलगी गोंधळते. तिने खोटं सांगितलेलं नसतं. तिच्या तोंडचं वाक्य कागदावर आलेलंच नसतं.

वारंवारच्या अत्याचारात हे आणखी घातक ठरतं, कारण किती वेळा, कधीपासून, यावर कलम बदलतं. मूल तारखा सांगत नाही. ते म्हणतं जत्रेच्या आधी, शाळा सुरू झाल्यावर, आई तूर निवडायला जायची तेव्हा. या खुणा त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत आल्या तर ‘एकाहून अधिक वेळा’ सिद्ध होतं. ‘अनेकदा’ एवढा एकच शब्द आला तर नाही.

पोक्सोत याची सोय आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना. मुलाला भाषा कळत नसेल तर दुभाषा. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला माहिती. मुलाला पुन्हा पुन्हा न्यायालयात न बोलावणं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येक बालकाला सहाय्यक व्यक्ती मिळावी यासाठी निर्देशही दिले. उणीव ही की यातलं काही मोडलं तर त्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. पहिला जबाब मुलाच्या मातृभाषेत, ध्वनिचित्रमुद्रणासह, आणि भाषांतर त्यासोबत, असं बंधन कायद्यात यावं. बेळगावपासून किनवटपर्यंत सीमेवरच्या सगळ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आईचा दिवसही हिशेबात धरायला हवा. दुधनीहून जिल्हा न्यायालय गाठायचं म्हणजे मजुरी बुडते, धाकटं मूल शेजारी ठेवावं लागतं, आणि पुढची तारीख घेऊन परतावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आरोपीच्या घरचे तिला गाठतात. साक्ष फिरते ती अशी. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या विशेष न्यायालयांचा अभ्यास केला, त्यात मुलं साक्षीत फिरण्याचं मोठं प्रमाण ठळकपणे पुढे आलं होतं. आरोपी सुटतो, त्याच्या नावावर काहीच राहत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा ‘पहिल्यांदाच सापडलेला’ असतो. मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिच्यातून अर्थसाहाय्य मिळतं. पण साक्षीच्या प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात पडावी, याची तरतूद कायद्यात असावी.

८. फाशीने काय होतं

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं. काही गुन्ह्यांना फाशी, तपास तीस दिवसांत. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. त्या वेळचा उत्साह मी समजू शकतो, त्यामागची चीड खरी होती. पण कोल्हापूरचं प्रकरण विसरू नये. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणी व त्यांची आई १९९० ते १९९६ वेगवेगळ्या शहरांतल्या गर्दीतून लहान मुलं पळवत राहिल्या, चोरीसाठी वापरत राहिल्या, मारत राहिल्या. सहा वर्षं त्या हरवलेल्या मुलांच्या तक्रारी एका धाग्यात आल्या नाहीत. फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. फाशी कायद्यात होतीच. दुसऱ्या मुलानंतर सावध होणारी यंत्रणा नव्हती.

बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीने मेला. लोकांनी पेढे वाटले. त्या मुलींना मात्र न्यायालयाने त्यांचं ऐकून घेऊन दिलेला निकाल कधीच मिळणार नाही. आणखी कोणा मुलाला त्याने त्रास दिला होता का, याचं त्याच्याकडून मिळू शकणारं उत्तरही संपलं.

घरच्या माणसाला फाशी होऊ शकते म्हटलं की घर आणखी घट्ट मिटतं. शिवाय बलात्काराची आणि खुनाची शिक्षा एक झाली, तर एकमेव साक्षीदार असलेल्या लेकराचा जीव धोक्यात येतो.

९. एक धोका सांभाळावा लागेल

‘एकाहून अधिक वेळा’ हे कलम आज कुणाविरुद्ध लागतं ते पाहिलं तर अस्वस्थ व्हायला होतं. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा पळून गेले, चार महिने एकत्र राहिले, मुलीच्या वडिलांनी तक्रार केली. संबंध एकाहून अधिक वेळा आले, म्हणून गंभीर कलम, किमान २० वर्षं. बालविवाहातल्या नवऱ्याचं तेच. दवाखान्यात गरोदर मुलगी आली की डॉक्टरांना कळवावंच लागतं. या भीतीने मुली बाळंतपणासाठी दवाखान्यात यायचं टाळतात. २२ व्या विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय उतरवू नये असं सांगितलं, पण सोळा ते अठरा वयातल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेचा विवेक असावा असंही सुचवलं. पुनरावृत्तीची कलमं कडक करताना ही सूट सोबतच यावी. नाहीतर नव्या कायद्याने तुरुंग भरतील ते प्रेमात पडलेल्या पोरांनी, आणि तीन मुलींशी अंगलट करणारा दुकानदार तीन वर्षांत परत गल्ल्यावर बसेल.

१०. दुधनीत आत्ता काय करता येईल

संसदेची वाट न पाहता करता येण्याजोगं बरंच आहे. नगरपरिषदेने आपल्या हद्दीतल्या शाळा, अंगणवाड्या, शिकवण्या, शाळेच्या रिक्षा यांची यादी करावी आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिथल्या प्रत्येकाची पडताळणी मागवावी; जिथे कर्मचारी कर्नाटकात राहिलेला असेल तिथे कलबुर्गीच्या पोलिसांकडूनही. प्रभागाची बाल संरक्षण समिती कागदावर असेल तर तिची बैठक दर तिमाहीला लावावी, आणि तिच्यात बाजार समितीतल्या हमालांचा एक प्रतिनिधी घ्यावा. कामाच्या वेळी मुलं कुठे असतात हे त्यांना ठाऊक असतं. १०९८ हा क्रमांक कन्नड आणि मराठी दोन्हींत शाळेच्या भिंतीवर, रेल्वे स्थानकात आणि बाजार समितीच्या फाटकावर रंगवावा. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही मदतवाहिनी आता सरकारच चालवतं, तेव्हा रंगाच्या डब्यापलीकडे खर्च नाही.

सोलापूर आणि कलबुर्गीच्या पोलीस अधीक्षकांनी पोक्सोच्या आरोपपत्रांची देवाणघेवाण महिन्यातून एकदा करावी, जशी दरोडेखोरांच्या टोळ्यांची होते. आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अक्कलकोट तालुक्यासाठी दुभाष्यांची एक यादी करून ठाण्यात लावावी. यादीतल्या बाया असाव्यात, शिक्षिका किंवा आशा सेविका, कन्नड जाणणाऱ्या, दखनी जाणणाऱ्या, तांड्यावरची बंजारा बोली जाणणाऱ्या. प्रत्येकीच्या नावापुढे फोन नंबर, आणि रात्री बोलावलं तर गाडी कोण पाठवणार त्याचं नाव.